आयटी सर्टिफिकेशनचा क्लास लावण्याआधी : खान्देशातल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

पदवीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत एकच विषय सुरू होतो : आता कोणता कोर्स लावायचा? बीसीए, बीएस्सी, डिप्लोमा झालेली मुलं तर विचारतातच, हल्ली बीकॉमवालेही विचारतात. तोवर मोबाइलवर पुण्यातल्या दोन-तीन क्लासेसचे मेसेज येऊन पडलेले असतात. रोज फोन येतो, ‘आजच्या आज सीट बुक केली तर दहा हजार सूट.’ वडील कापसाचे किंवा केळीचे पैसे कधी हातात येतील याचा हिशेब मांडू लागतात.

तो हिशेब थोडा थांबवा. क्लास ही सगळ्यात शेवटी करायची निवड आहे. आधी काम ठरवायचं, मग त्या कामाला कोणती परीक्षा लागते ते पाहायचं, मग फुकटात महिनाभर स्वतः शिकून बघायचं आणि तरीही गरज उरली तरच क्लासची फी भरायची. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात, वर्ष जातं आणि मुलाला वाटत राहतं की आपल्यालाच जमलं नाही.

सर्टिफिकेट नेमकं कुणाचं?

‘कोर्स झाल्यावर इंटरनॅशनल सर्टिफिकेट मिळेल’ या वाक्यावर खूप मुलं फसतात. बाजारात तीन वेगवेगळे कागद आहेत. पहिला क्लासने स्वतः छापलेला : तुम्ही त्यांच्याकडे शिकलात एवढंच तो सांगतो. दुसरा सरकारी किंवा निमसरकारी : एमएस-सीआयटी, नायलिटचा ओ लेव्हल, आयटीआयचा कोपा (संगणक चालवण्याचा) ट्रेड, आयआयटीचे ऑनलाइन कोर्स असलेल्या एनपीटीईएलच्या परीक्षा. तिसरा ज्या कंपनीचं किंवा संस्थेचं तंत्रज्ञान आहे तिनेच परीक्षा घेऊन दिलेला : सिस्को (नेटवर्कची उपकरणं), रेड हॅट (सर्व्हरवर चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम), ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस (क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर), मायक्रोसॉफ्ट, कॉम्पटिया. सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबी. नोकरीच्या जाहिरातीत ‘सर्टिफाइड’ लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा हा तिसरा कागद अभिप्रेत असतो. तो ऑनलाइन पडताळता येतो, आणि त्याची परीक्षा क्लास न लावताही देता येते. हे शेवटचं वाक्य कुठलाही क्लास आपणहून सांगत नाही.

एमएस-सीआयटीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे घरोघरी ते झालेलं असतं. सरकारी नोकरीत संगणक अर्हता म्हणून त्याचा उपयोग आहे, ते करून ठेवावं. पण ती संगणक साक्षरता आहे. तिच्या बळावर आयटी कंपनीत काम मिळत नाही.

क्लासला एक प्रश्न विचारा : परीक्षा कोण घेतं आणि तिचा कोड काय? सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंगच्या परीक्षेचा कोड २००-३०१, रेड हॅटच्या पहिल्या परीक्षेचा ईएक्स२००. कोड सांगता आला नाही, तर मिळणारा कागद पहिल्या प्रकारचा आहे असं समजा.

पायरी पहिली : काम निवडा

नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन या वेबसाइटांवर जाऊन ‘फ्रेशर’ किंवा ‘० ते १ वर्ष अनुभव’ असा शोध लावा. पुणे, नाशिक आणि जळगाव तिन्ही ठिकाणच्या मिळून पंचवीस-तीस जाहिराती वाचा आणि वहीत लिहा : कोणतं कौशल्य किती वेळा आलं, पदवीची अट काय, कामाची पाळी (शिफ्ट) कोणती. दोन संध्याकाळी जातील, पण कोणत्याही समुपदेशकापेक्षा ही वही जास्त खरं सांगेल. अनेक मोठ्या कंपन्या फ्रेशर घेताना दहावी, बारावी आणि पदवीत ६० टक्क्यांची अट घालतात, शिक्षणातल्या खंडाबद्दल विचारतात. सर्टिफिकेटने ती अट पुसली जात नाही. तुम्ही अटीत बसत नसाल तर मध्यम आणि छोट्या कंपन्यांच्या जाहिरातींवर भर द्या. तिथे प्रत्यक्ष काम येतं का, हे जास्त पाहतात.

आता वाटा पाहू.

सपोर्ट आणि नेटवर्किंगमध्ये कोणत्याही शाखेच्या मुलाला शिरता येतं. हेल्पडेस्क, डेस्कटॉप सपोर्ट, फील्ड इंजिनियर, नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर अशी पदं असतात. कॉम्पटिया ए प्लसच्या दोन परीक्षा असतात आणि तिचा अभ्यासक्रम पायासाठी चांगला आहे. पण एकाच परीक्षेचे पैसे असतील तर मी सीसीएनए सांगेन, कारण आपल्याकडच्या जाहिरातींत तिचं नाव जास्त दिसतं. १२० मिनिटांची परीक्षा असते; नेटवर्कचे भाग पाडणं (सबनेटिंग, व्हीलॅन), माहितीला वाट दाखवणं (राउटिंग), सुरक्षेची मूलतत्त्वं येतात. या कामात रात्रपाळी असते. मुलींनी, आणि मुलांनीही, मुलाखतीत मोकळेपणाने विचारावं की रात्री घरापर्यंत कंपनीची गाडी मिळते का.

लिनक्स आणि क्लाउड ही पुढची वाट. ज्यांना खोलात जाऊन बसायला आवडतं त्यांच्यासाठी मला ही सगळ्यात आवडते. रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा पर्याय निवडण्याची नाही. तीन तास चालू मशीनवर बसून कामं करून दाखवायची, ३०० पैकी २१० गुण मिळाले तर पास. पाठांतर करणारा इथे टिकत नाही, म्हणूनच मुलाखत घेणारा या कागदाला मान देतो. त्यानंतर एडब्ल्यूएसची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट : ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० हवेत. किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची एझेड-१०४. एडब्ल्यूएसची क्लाउड प्रॅक्टिशनर आणि मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० या ओळख करून देणाऱ्या परीक्षा आहेत. त्या एकट्यांच्या जोरावर नोकरी मिळेल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

टेस्टिंगला आयएसटीक्यूबी फाउंडेशन आहे. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की उत्तीर्ण, आणि सर्टिफिकेट कायमचं. परीक्षेची भाषा मातृभाषा नसेल तर २५ टक्के जास्त वेळ मिळतो. अर्ज भरतानाच तो मागून घ्या, आपल्या मुलांना त्याची गरज असते. मात्र नुसत्या आयएसटीक्यूबीवर आता भागत नाही. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) आणि सेलेनियमसारखं एखादं ऑटोमेशन (आपोआप टेस्टिंग करणारं साधन) जोडीला हवंच.

बीकॉमवाल्यांनी डेटाकडे पाहावं. एक्सेल घट्ट, एसक्यूएल बऱ्यापैकी, मग पॉवर बीआय (आकड्यांचे आलेख-अहवाल करण्याचं साधन). मायक्रोसॉफ्टची पीएल-३०० ही त्यातली परीक्षा. हिशेबाची समज तुमच्याकडे आधीच आहे, ती इथे कामाला येते.

प्रोग्रामिंगमध्ये सर्टिफिकेटचं वजन सगळ्यात कमी. तिथे तुम्ही काय बनवलंत ते पाहतात. गावातल्या दूध डेअरीचं खातं ठेवणारं छोटं ॲप, केळीच्या रोजच्या भावाची नोंद ठेवून आलेख दाखवणारं पान, असं काहीतरी स्वतः लिहून गिटहबवर (आपला कोड इतरांना दाखवण्याची वेबसाइट) टाका. ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टम’ सगळेच दाखवतात.

सायबर सिक्युरिटीच्या जाहिराती फार आकर्षक असतात, ‘तीन महिन्यांत एथिकल हॅकर’ वगैरे. ज्याला नेटवर्क आणि लिनक्स येत नाही तो दुसऱ्याच्या नेटवर्कचं रक्षण कसं करणार? आधी ते शिका, दोन वर्षं काम करा, मग तिकडे वळा.

अभियांत्रिकी, एमसीए किंवा एमएस्सी झालेल्यांना माझा आग्रह आहे की खाजगी क्लासला मोठी रक्कम देण्याआधी सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची सी-कॅट प्रवेश परीक्षा द्या. पुण्या-मुंबईतही त्यांची केंद्रं आहेत, अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आणि कसून घेतलेला असतो. फी कमी नाही, पण तिथे जे शिकवतात त्याला बाजारात नाव आहे. पात्रतेचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा.

राहायचं कुठे, हेही आत्ताच ठरवा

विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्या अमळनेरला झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. आज मात्र आपल्या मुलांना आयटीच्या कामासाठी महाराष्ट्र एक्सप्रेसने पुणं गाठावं लागतं. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस, प्रवास, आणि नोकरी लागेपर्यंतचे महिने. हा खर्च अनेकदा क्लासच्या फीएवढा किंवा जास्त होतो, आणि घरी मांडलेल्या हिशेबात तोच नसतो. म्हणून शिकण्याचा पहिला टप्पा घरी राहून करा. पुण्याला जायचं ते मुलाखती द्यायला.

आणि ज्यांना खान्देशातच राहायचं आहे, घरी आजारी माणूस आहे, शेती पाहायची आहे, त्यांनी स्वतःला कमी समजू नये. जळगावच्या एमआयडीसीत पाइप, चटई, डाळमिलचे कारखाने आहेत. सहकारी बँका, पतसंस्था, दवाखाने, शिक्षणसंस्था आहेत. त्यांना टॅली आणि जीएसटी सांभाळणारा माणूस लागतो. नेटवर्क, सीसीटीव्ही, सर्व्हर बघणारा लागतो. पगार पुण्याइतका नसतो, पण खोलीभाडंही नसतं. अशा कामाला सीसीएनएचा अभ्यासक्रम उपयोगी आहे. परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही.

पायरी दुसरी : महिनाभर फुकट शिकून पाहा

सिस्को नेटवर्किंग अकॅडमीवर खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. त्यात राउटर-स्विच जोडून पूर्ण सराव करता येतो, खरी यंत्रं लागत नाहीत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्स टाकून शिकता येतं. मायक्रोसॉफ्ट लर्न आणि एडब्ल्यूएस स्किल बिल्डरवर खूप काही मोफत आहे. स्वयम-एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेचे १००० रुपये.

लॅपटॉप नवाच हवा असं नाही. जुना चालेल, पण ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवी. ४ जीबीवर व्हर्च्युअल मशीन रखडतं आणि मुलाला वाटतं विषयच अवघड आहे. एडब्ल्यूएसचं खातं उघडाल तेव्हा पहिल्या दिवशीच खर्चाची सूचना देणारं बजेट लावा आणि सराव झाला की मशीन बंद करा. चालू राहिलेल्या सर्व्हरचं बिल वाढत जातं.

महिनाभर रोज दोन तास बसा. वीज गेली, लग्नसराई आली, शेतात काम निघालं, तरी ज्या विषयाकडे तुम्ही आपणहून परत येता तो तुमचा. आठवड्यातच कंटाळा आला तर वाट बदला. अजून एक रुपयाही गेलेला नाही. आणि महिन्याअखेर स्वतःला विचारा की क्लासकडून नेमकं काय हवंय : शंका विचारायला माणूस, शिस्त, की प्रत्यक्ष लॅब? उत्तर स्पष्ट असेल तर क्लास निवडणं सोपं जातं. काहींना तर कळतं की क्लासची गरजच नाही, फक्त परीक्षेचे पैसे जमवायचे आहेत.

पायरी तिसरी : परीक्षेचा खर्च वेगळा मांडा

सीसीएनएची फी ३०० डॉलर आहे. डॉलर ८५ रुपये धरला तरी साडेपंचवीस हजार, वर कर. एडब्ल्यूएस असोसिएटची १५० डॉलर, म्हणजे पावणेतेरा हजारांच्या आसपास, अधिक कर. नापास झालात तर पुन्हा पूर्ण फी. क्लासच्या फीमध्ये परीक्षेचं व्हाउचर आहे का, असल्यास त्याची मुदत किती, हे लेखी घ्या. सिस्को, रेड हॅट आणि एडब्ल्यूएसची सर्टिफिकेटं तीन वर्षं चालतात. मायक्रोसॉफ्टची एझेड-१०४ एका वर्षाची असते, पण नूतनीकरण ऑनलाइन आणि मोफत होतं. म्हणून नोकरी शोधायला दोन वर्षं लागणार असतील तर परीक्षा आज देण्याची घाई करू नका. अर्ज करायला सुरुवात कराल त्याच्या महिना-दीड महिना आधी द्या.

पायरी चौथी : क्लास तपासा

आपले शेतकरी कपाशीचं बियाणं घेताना पिशवीवरचा लॉट नंबर पाहतात, पक्की पावती मागतात, गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या शेतात ते कसं उगवलं हे विचारतात. क्लासच्या बाबतीतही एवढी चौकशी झालीच पाहिजे.

डेमो लेक्चरला बसा, पण तुम्हाला पुढे शिकवणार तोच माणूस डेमो घेतोय का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी डेमो मालक घेतात आणि बॅच मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडे जाते. डेमोवर थांबू नका, चालू बॅचचा एखादा तास मागच्या बाकावर बसून पाहू द्या म्हणा. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे. एका मशीनवर किती मुलं बसतात, लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, चुकलेला तास पुन्हा मिळतो का, हे तिथे असलेल्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारा.

मग प्लेसमेंट. भिंतीवर फोटो असतात, त्याखाली कंपन्यांची नावं. त्यातली चार-पाच नावं लिंक्डइनवर शोधा. माणूस खरंच तिथे काम करतो का? तो हाच कोर्स करून लागला, की बीई होऊन कॅम्पसमधून लागला आणि इथे फक्त दोन आठवडे आला होता? सरळ मेसेज करा : ‘मी जळगावचा आहे, हा क्लास लावायचा विचार आहे, तुमचा अनुभव सांगाल का?’ बरेच जण उत्तर देतात. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे नेमकं काय, किती मुलाखती, कोणत्या पदाच्या, हे लिहून मागा. बीपीओच्या कॉल सेंटरची मुलाखत हीसुद्धा अनेक ठिकाणी ‘आयटी प्लेसमेंट’ म्हणून मोजली जाते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. नोकरीची किंवा निवडीची खोटी हमी देणं त्यांनुसार चालत नाही. ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ लिहिलेलं पत्रक दिसलं तर फोटो काढून ठेवा.

पैसे आणि सही

माझी सगळ्यात मोठी काळजी इथे आहे. क्लासवाले ‘हप्त्यांची सोय’ म्हणतात, मोबाइलवर आधार आणि पॅन घेतात, ओटीपी मागतात. मुलाला वाटतं तो क्लासला हप्ते देणार आहे. प्रत्यक्षात त्याच्या किंवा वडिलांच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज निघालेलं असतं आणि सगळी रक्कम क्लासला पोचलेली असते. क्लास बंद पडला किंवा तुम्ही सोडला तरी हप्ता चालूच राहतो. थकला की सिबिल बिघडतं, आणि मग पीककर्जाच्या वेळी वडिलांना बँकेत उभं राहावं लागतं. ओटीपी देण्याआधी विचारा : कर्ज देणारी कंपनी कोणती, व्याज आणि प्रक्रिया शुल्क किती, कर्ज रद्द करण्याची मुदत किती? रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत अशी मुदत देणं आवश्यक केलेलं आहे.

शक्य असेल तर हप्ते थेट क्लासलाच, महिन्याच्या शिकवणीप्रमाणे द्या. फीवर १८ टक्के जीएसटी धरला आहे की वर लागणार, ते आधी विचारा. जीएसटी नंबर असलेली पावती घ्या, परतीचे नियम कागदावर घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. क्लास पुण्यात असला तरी तुम्ही जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला अर्ज देऊ शकता. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क लागत नाही.

आणखी एक गोष्ट, फार स्पष्टपणे. काही ठिकाणी दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव बनवून देतात, पगाराच्या स्लिपसकट. पीएफच्या नोंदी आणि पार्श्वभूमी तपासणीत तो उघड होतो, कधी नोकरी लागल्यावर वर्षाने. नोकरी जाते आणि नाव खराब होतं. असा प्रस्ताव आला तर त्या क्लासमधून त्याच दिवशी बाहेर पडा, भरलेले पैसे बुडाले तरी.

परीक्षा आणि त्यानंतर

मराठी माध्यमातल्या, घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या मुलांना विषय येतो, मुलाखतीत सांगता येत नाही. अभ्यास चालू असतानाच उपाय करा. रोज एक संकल्पना, समजा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा), मोबाइलवर दोन मिनिटं इंग्रजीत समजावून सांगत रेकॉर्ड करा आणि ऐका. व्याकरण चुकलं तरी चालेल, क्रम चुकता कामा नये. महिन्याभरात फरक तुमच्याच कानांना कळतो.

सराव परीक्षा द्या, पण चोरलेल्या प्रश्नांचे ‘डम्प्स’ घेऊ नका. पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं आणि परीक्षेला बंदी येते.

नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे दहावीच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं असा प्रकार सर्रास असतो. नावं जुळली नाहीत तर केंद्रावर बसू देत नाहीत आणि फीही जाते. कोणतं ओळखपत्र चालेल ते बुकिंगच्या वेळी वाचा आणि मूळ प्रत न्या.

बऱ्याच परीक्षा घरून देता येतात, पण खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, इंटरनेट तुटता कामा नये. वीज जाणाऱ्या गावात, भरल्या घरात ही जोखीम घेऊ नका. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर जवळचं केंद्र शोधा. नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरला जावं लागलं तर आदल्या दिवशी पोचा आणि तो खर्च आधीच बाजूला काढून ठेवा.

पास झाल्यावर बायोडेटात सर्टिफिकेटच्या नावापुढे पडताळणीची लिंक द्या आणि त्याखाली लॅबमध्ये प्रत्यक्ष केलेली तीन कामं लिहा. मुलाखत घेणारा बहुतेक वेळा त्या तीन ओळींवरच प्रश्न विचारतो, म्हणून ज्याचं उत्तर झोपेतून उठवलं तरी देता येईल तेच तिथे लिहा. मग पहिल्या पायरीतली जाहिरातींची वही काढा आणि तिच्यातल्या कंपन्यांना एकेक करून अर्ज पाठवायला लागा.